पंधरा वॅट, पन्नास वॅट आणि माझे कान

पुण्याजवळ सूसच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझ्याविरुद्ध पहिली तक्रार आली तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला. 'गिटारवाल्या मेंबरने आवाज आवरावा, मुलांच्या परीक्षा आहेत,' एवढंच लिहिलं होतं. माझा अ‍ॅम्प्लिफायर पंधरा वॅटचा. तेवढ्या विजेवर देवघरातला दिवा पेटतो, आणि माझ्या अ‍ॅम्पने तीन मजल्यांवरचे लोक खिडक्या लावून घेत होते. मी बायकोला फोन दाखवला आणि म्हणालो, "बघ, वॉल्व्ह म्हणजे काय ते!" ती म्हणाली, "आधी माफी माग, मग वॉल्व्हचं कौतुक कर."

ज्यांना गिटारशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी दोन प्रकारची असते. एकात जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे वॉल्व्ह असतात. ते मिनिटभर तापतात, नारिंगी उजळतात आणि मग बोलायला लागतात. दुसऱ्यात ट्रान्झिस्टर असतात. बटण दाबलं की हजर. जड नाही, तापत नाही, पडला तरी फुटत नाही. आता वाद असा, की पंधरा वॅटचा वॉल्व्ह पन्नास वॅटच्या ट्रान्झिस्टरपेक्षा मोठा वाजतो की नाही. जगभर गिटार वाजवणारे लोक यावर भांडतात. मीही वीसेक वर्षं भांडलो आहे, आणि दरवेळी वॉल्व्हच्या बाजूने.

सोसायटीपुढे मी माफी मागितली आणि घोटावड्यात एक गोठा भाड्याने घेतला. गोठ्याचे मालक तिथले जुने शेतकरी. निम्मी जमीन विकलेली, उरलेल्यातल्या एका तुकड्यावर कारखान्यातल्या कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या काढलेल्या, आणि म्हशी गेल्यापासून गोठा रिकामा. मी त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. काका मला 'सायेब' म्हणायचे, काकू 'दादा'. पहिल्या दिवशी मी भीत भीत सांगितलं, की मी इथे वाजवणार आहे आणि आवाज जरा होईल. काका म्हणाले, "कारखान्याचं भोंगं सोसतोय आमी, तुमचं काय घिऊन बसलाय."

काकू मात्र पहिल्या दिवसापासून परीक्षक होत्या. गोठ्याच्या उंबऱ्याशी बसून काही ना काही निवडत असायच्या आणि मनात येईल ते बोलायच्या. "आज बरं हाय." "हे कालच्यापरीस बिघाडलंय." "हे काय, मांजराची शेपूट दारात घावल्यावानी!" माझ्या आयुष्यात एवढी खरी दाद मला कुणी दिलेली नाही. ऑफिसातले लोक 'सुपर्ब यार' म्हणतात आणि फोनमध्ये डोकं घालतात. काकू तोंड वाकडं करायच्या, आणि मी तो तुकडा पुन्हा घ्यायचो. महिनामहिनाभर घासल्यावर एखाद्या दिवशी त्या निवडता निवडता मान हलवून म्हणायच्या, "आता बसलं." गाणं बसलं म्हणजे जागच्या जागी आलं. त्यांच्या तोंडून ते ऐकलं की मी परतताना घोटावड्यापासून सूसपर्यंत गुणगुणत गाडी चालवायचो. दसऱ्याला त्यांनी ट्रॅक्टर, विळे, पाण्याची मोटर यांच्याबरोबर माझ्या अ‍ॅम्पलाही हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. मी कधी पुसलं नाही ते.

दोनेक वर्षांपूर्वी अ‍ॅम्पचा आवाज मंदावल्यासारखा वाटू लागला. तारेवर नख लागल्यावर जी झळाळी उठायची ती उठेना. सगळं घोंगडीखालून आल्यासारखं. मी काही अडाणी वाजवणारा नाही, मला कारण लगेच कळलं. वॉल्व्ह म्हातारे होतात, हे वॉल्व्हवाल्या प्रत्येकाला माहीत असतं. वापरून वापरून त्यांचा जोर जातो आणि आधी वरचा, बारीक आवाज जातो. मी ट्रेबलचं, म्हणजे त्या बारीक आवाजाचं बटण थोडं वाढवलं. मग आणखी थोडं. शेवटी ते टोकाला जाऊन टेकलं तेव्हा नवे वॉल्व्ह मागवून बसवले. फरक पडेना. विकणाऱ्याने जुना माल गळ्यात मारला म्हणून मी त्याच्या नावाने चडफडलो आणि दुसरीकडून दुसरा जोड मागवला.

एवढं मात्र कबूल करतो, की दुसऱ्या जोडाने एक गोष्ट चांगली झाली असं मला वाटलं. वॉल्व्हच्या अ‍ॅम्पमधून न वाजवताही एक बारीक सूं सूं येत असते. माझ्या अ‍ॅम्पची ती बंदच झाली. मी ज्याला त्याला सांगत सुटलो, की माझ्यासारखा शांत अ‍ॅम्प अख्ख्या पुण्यात नसेल. त्याच सुमाराला काकूंच्या शेऱ्यांचा सूर बदलला. "लई टोचतंय, दादा." "कानात सुई घातल्यागत हुतंय." आणि त्यांचं कुत्रं, जे पूर्वी गोठ्याच्या दारातच पसरलेलं असायचं, ते मी बटण दाबलं की उठून बांधापलीकडे जायला लागलं. मला वाटलं, गावच्या लोकांना आणि कुत्र्यांना वॉल्व्हची खोली कळत नाही. हे मी खरोखर मनात म्हणालो होतो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ऑफिसातला माझा एक मित्र आहे, अकोल्याचा. तोही गिटार वाजवतो आणि त्याचा अ‍ॅम्प पन्नास वॅटचा, ट्रान्झिस्टरचा. माझी रड ऐकून त्याचे कान किटले होते. एकदा कँटीनमध्ये तो म्हणाला, "अरे बाप्पा, ते भंगार विक ना आता. पंधरा वॅटमध्ये तू किती जीव घालशील? माझ्यासमोर ते टिकणारच नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, रविवारी घोटावड्याला ये, आणि तुझा तो पन्नास वॅटचा डबा घेऊन ये.

वरवर ही अ‍ॅम्पची शर्यत होती. आतून मला एवढंच ठरवायचं होतं, की माझा अ‍ॅम्प संपलेला नाही. तो संपला असता तर मी वाजवणं सोडलं असतं, एवढा मी हट्टाला पेटलो होतो. पंचेचाळिशीनंतर माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं त्या गोठ्यातल्या दोन तासांखेरीज काही उरलं नव्हतं. बाकी सगळं कंपनीचं आणि बँकेचं.

रविवारी दुपारी मित्र आला. त्याने अट घातली, की खेळ सचोटीचा व्हायला हवा. दोन्ही अ‍ॅम्प आलटून पालटून एकाच स्पीकरच्या पेटीला जोडायचे, म्हणजे स्पीकरचं निमित्त नको. मध्ये ताडपत्री बांधायची. तो पलीकडे वाजवणार आणि अलीकडे मी, काका आणि काकू बसून सांगणार, कुठला मोठा. आवाज मोजायला फोन पेटीसमोर ठेवायचा. काकांना हे सगळं फार आवडलं. ते बैलगाड्यांच्या शर्यतीला जावं तसे टोपी घालून आले.

पहिल्यांदा दोन्ही अ‍ॅम्प पूर्ण सोडले. एक आवाज मोठा झाला तसा फाटला, ओरबाडू लागला, आणि मित्राला बटण मागे घ्यावं लागलं. दुसरा फुगत गेला, भरत गेला, जाड झाला, गोठ्याचे पत्रे थरथरले तरी ऐकवेना असं झालं नाही. काकांनी मांडीवर थाप मारली. "ह्यो दुसरा त्याचा बाप हाय!" ताडपत्रीमागून मित्र खिन्न आवाजात म्हणाला, "दुसरा पंधरावाला."

मी जिंकलो होतो. वीस वर्षं जे म्हणत होतो ते घोटावड्यातल्या गोठ्यात काकांच्या तोंडून सिद्ध झालं होतं. मी मित्राला ऐकवायला सुरुवातही केली, की वॅट हा आकडा किती फसवा असतो, आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात, ट्रान्झिस्टर मर्यादा ओलांडली की तुटतो आणि वॉल्व्ह वाकतो, म्हणून त्याला अजून पुढे रेटता येतं. मित्र म्हणाला, "एक फेरी अजून. आता दोन्ही सारख्या आवाजावर लावतो, फोन बघून. आणि मग ओळखा कुठला कुठला."

तो वाजवत गेला. पहिल्या तुकड्याला मी म्हणालो वॉल्व्ह. दुसऱ्यालाही म्हणालो वॉल्व्ह. तिसऱ्याला काही वेगळं जाणवलंच नाही म्हणून म्हणालो, "अरे, तेच परत काय वाजवतोस?" आणि सहज शेजारी पाहिलं. काकूंनी पदर दोन्ही कानांवर दाबून धरला होता. काका तोंड कसनुसं करून मागे सरकले होते. बांधापलीकडून कुत्रं भुंकत होतं, म्हणजे त्याचं तोंड उघडझाप होताना दिसत होतं.

ताडपत्री बाजूला झाली. मित्र हसत होता. "ट्रेबल शून्यावरून दहावर नेला राजा, दोन्ही अ‍ॅम्पचा. तुला मुद्दाम फसवत होतो." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू गेलं. "तुला खरंच काही जाणवलं नाही?"

मी म्हणालो, जाणवलं ना. खोटं बोललो. काकूंनी पदर सोडला आणि त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "दादा, तुमचं कान बसल्यात. अ‍ॅम्प न्हाई, तुमचं कान. दोन वरसं सांगतीया, टोचतंय टोचतंय. आत्ता बी वाजत न्हाई तरी सूं सूं करतंय ते. आयकू येतंय का?"

मी स्पीकरला कान लावला. अ‍ॅम्प गरम होता, वॉल्व्ह नारिंगी दिसत होते. आवाज नव्हता. मित्राने मान हलवली. सूं सूं चालू होती. दोन वर्षं चालू होती.

घरी जाताना मी सर्दी आठवत होतो. गेल्या आठवड्यात शिंका आल्या होत्या, ताम्हिणीत गेलो तेव्हा घाटात कानाला दडे बसले होते, ते कदाचित सुटलेच नसतील. कान बसतात आणि सुटतातही. काकूंनी लसूण घालून तापवलेलं तेल बाटलीत दिलं होतं. कानात तेल घालू नये हे मला माहीत होतं, तरी मी ते आठवडाभर घातलं. मला मळ हवा होता. कानात मळ साठलाय, पिचकारी मारून काढू, असं कुणीतरी म्हणावं म्हणून मी देवाला चक्क नवस बोललो, मी, ज्याने घरातल्या पूजेला कधी धड बसून आरती म्हटली नाही.

डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं आणि म्हणाले, मळ अजिबात नाही. मग त्यांनी मला काचेच्या खोक्यात बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मी भराभर दाबत होतो. मग थांबलो आणि वाट पाहिली. काचेपलीकडे तपासणी करणाऱ्या बाई यंत्रावर काहीतरी करत होत्या, माझ्याकडे बघत होत्या. बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं, यंत्र बिघडलं असावं. मग त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, की आवाज येत होते. भीतीने मी दोनदा उगाच बटण दाबलं. त्यांनी मान हलवून नाही अशी खूण केली. शाळेत कॉपी करताना सापडलो तेव्हाही मला एवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं.

कागदावरची रेघ डावीकडून सरळ येत होती आणि मग खाली कोसळत होती. डॉक्टर चांगले होते, त्यांनी घाई केली नाही. मोठ्या आवाजाजवळ किती वर्षं काढली, त्यांनी विचारलं. मी मोजू लागलो. कॉलेजातला ऑर्केस्ट्रा, लग्नांतले स्टेज, पेटीच्या पुढ्यात फूटभरावर बसून वाजवणं, आणि मग हा गोठा, जिथे वॉल्व्ह पूर्ण उघडल्याशिवाय खरा आवाज येत नाही म्हणून मी तो पूर्ण उघडत होतो. पंधरा वॅट खरंच मोठा वाजतो. वीस वर्षं मी ज्यासाठी भांडलो ते माझ्याच कानांवर सिद्ध झालं होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. उरलेलं जपा.

माझे वडील सोलापूरला यंत्रमागावर कामाला होते. सबंध आयुष्य त्या खडखडाटात गेलं आणि पन्नाशीतच त्यांना ऐकू येईनासं झालं. आम्ही भावंडं गप्पा मारत असलो, हसलो, की ते चेहरा पुढे आणून विचारायचे, "काय रे, काय म्हणालास?" पहिल्या वेळी आम्ही मोठ्याने सांगायचो. दुसऱ्यांदाही. मग कंटाळा यायचा, आणि एवढ्याशा विनोदासाठी कोण ओरडणार म्हणून मी म्हणायचो, "काही नाही बाबा." ते मान हलवायचे आणि परत भिंतीकडे बघत बसायचे. मला त्यात कधी वाईट वाटलं नाही. उलट वाटायचं, त्यांना त्रास नको.

रिपोर्ट घरी नेला. बायकोने वाचला आणि घडी घालून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुझं माझ्याकडे लक्ष नसतं." दोन वर्षं ती असं समजत होती. मी तिला सांगायचो, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. ती 'साखर' म्हणायची आणि मला 'आखर' ऐकू यायचं. 'सोड' म्हणाली तर मी ओढायचो. तिच्या बोलण्यातले स, श, फ गळून पडत होते आणि मी तिच्यावर खेकसत होतो. त्या संध्याकाळी मी रडलो. सोसायटीला ऐकू गेलं असेल तर असो.

कानात यंत्र घातलंय आता. त्याने शब्द कळतात, बरेचसे. गिटार मात्र पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी ऐकू येते, म्हणून वाजवताना काढून ठेवतो. आणि वाजवतानाही आता काय राहिलंय, मला माहीत नाही. सूर कळतात, झळाळी आठवणीतून भरून घेतो. मित्र म्हणाला, अ‍ॅम्प विकू नकोस. तो आता माझ्याशी फार चांगला वागतो, वाद घालत नाही. ट्रान्झिस्टरबद्दल मी मुद्दाम काही वाकडं बोललो तरी "बरोबर आहे तुझं" म्हणतो. मला ते सहन होत नाही.

महिन्याभराने मी गोठ्यावर गेलो. खरं तर सामान आवरायला गेलो होतो. काका म्हणाले, "आता आलाय तर वाजवा." मी काकूंना म्हटलं, बटण कुठे ठेवायचं ते तुम्ही सांगा, मला कळत नाही. त्या अ‍ॅम्पपाशी आल्या. मी वाजवत राहिलो, आणि त्यांनी दोन बोटांनी ट्रेबलचं बटण मागे आणलं, आणखी मागे, मग "बास" म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या, म्हणून कळलं. मग कपाळावरची टिकली काढून त्यांनी त्या जागी चिकटवली, म्हणजे पुढच्या वेळी चुकायला नको. किती कमी होतं ते! मी दोन वर्षं त्या माऊलीच्या कानात काय ओतत होतो, याचा मला तेव्हा अंदाज आला.

आवाज मी अगदी बारीक ठेवला. पंधरातला एक वॅटही लागत नसेल. त्यांना आवडायचा तो जुना तुकडा घेतला, ज्यावर मी सगळ्यात जास्त महिने घासलो होतो. यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. काकू उंबऱ्याशी जाऊन बसल्या, सुपात पावट्याच्या शेंगा. कुत्रं दारात येऊन पसरलं. मी तो तुकडा शेवटपर्यंत नेला, कुठेही न अडखळता, निदान माझ्या बोटांना तरी तसं वाटलं. आणि मान वर केली तेव्हा काकू शेंग सोलता सोलता माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या.

ओठ हलले. मला शेवटचं 'लं' ऐकू आलं. बसलं म्हणाल्या असतील. नाहीतर बिघडलं. नाहीतर नुसतं झालं.

"काय म्हणालात, काकू?"

त्यांनी परत सांगितलं. मी उठून दोन पावलं पुढे गेलो, चेहरा पुढे नेला. "काय?"

काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मांजराची शेपूट दारात सापडल्यासारखं वाजतंय, असं मला पहिल्याच महिन्यात सुनावणारी बाई. तिने शेंग सुपात टाकली, गोड हसली आणि मोठ्याने, सावकाश, मला नीट कळेल असं म्हणाली, "काही न्हाई, दादा. वाजवा तुमी."